काचेचा सोपा

नऊ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात गर्दी नेहमीपेक्षा शांत असते. सगळ्यांचे डोळे फरशीवर असतात. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं, कासव चौकातून सरकत पितळी उंबऱ्यावर येतं आणि तिथून गाभाऱ्यात पोचतं. आकाश निरभ्र असेल आणि हवेत धूळ-धुकं नसेल, तर पहिल्या दिवशी किरणं देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत चढतात, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. हा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला.

दोनदाच का? कोल्हापुरात सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूनअखेरीस तो पश्चिमेच्या साडेचोवीस अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरअखेरीस तितकाच दक्षिणेला. क्षितिजावरची ही त्याची ४९ अंशांची येरझार वर्षभर चालते. दक्षिणेकडे जाताना तो एका जागेवरून जातो आणि परतताना त्याच जागेवरून येतो. २२ डिसेंबर मध्ये ठेवून मोजा: अलीकडे सुमारे सहा आठवडे मागे गेलं की नोव्हेंबरचा किरणोत्सव येतो, पलीकडे सुमारे सहा आठवडे पुढे गेलं की फेब्रुवारीचा. एकाच संध्याकाळी ऊन चरणांकडून वर का चढतं, याचंही उत्तर साधं आहे. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी किरणं आडवी होतात, आणि आडवी झालेली किरणं भिंतीवर, मूर्तीवर वर सरकतात. सूर्य खाली आणि प्रकाश वर!

ज्या गावात असं देऊळ आहे, त्या गावाला उन्हाला घरात कसं बोलवावं हे शिकवायला नको. तरीही आज कोल्हापूरच्या नव्या वसाहतींत बंगला बांधताना कुणी हौसेनं घराला लागून काचेची खोली काढतं, झाडं ठेवतं, वेताच्या खुर्च्या मांडतं, आणि पहिल्याच एप्रिलात ती खोली भट्टी होते. खुर्च्या बाहेर येतात, झाडं करपतात, काचांना पडदे लागतात आणि शेवटी तिथं अडगळ साठते. ही खोली मुळात सुंदर कल्पना आहे. घर संपलं आणि बाग सुरू झाली, अशी रेघ न ओढता दोघांना एकमेकांत मिसळू देणारी. ती इथं जगू शकते. पण त्यासाठी काच, ऊन, हवा आणि पाणी एकमेकांशी काय बोलतात ते समजून घ्यावं लागतं. ते समजून घेणं हाच या खोलीतला खरा आनंद आहे.

थंडीच्या देशातलं लेकरू

या खोलीला इंग्रजीतून आलेलं नाव कॉन्झर्व्हेटरी. संत्री, लिंबं, खजुरी अशी उष्ण देशांतली झाडं युरोपच्या हिवाळ्यात जगवायची, म्हणून तिथल्या श्रीमंतांनी ती आत घेतली. आधी मोठ्या खिडक्यांच्या खोल्या झाल्या, मग भिंती पातळ होत गेल्या आणि छप्परही काचेचं झालं. १८३६ ते १८४० या काळात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ इथं जोसेफ पॅक्स्टन या माळ्यानं एक अवाढव्य काचघर उभारलं. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८५१ मध्ये, याच पॅक्स्टनच्या आराखड्यावरून लंडनच्या प्रदर्शनासाठी जवळपास तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला.

पॅक्स्टनची काचघरं सरळ उताराची नव्हती. त्यांचं छप्पर घडीच्या कागदासारखं होतं: चढ, उतार, पुन्हा चढ, पुन्हा उतार. सकाळ-संध्याकाळचं मवाळ ऊन त्या उतारांवरून थेट आत येई, भर दुपारचं ऊन तिरपं लागून बरंचसं परतून जाई. म्हणजे थंडीच्या देशातल्या कारागिरालाही दुपारच्या उन्हाचा वचक होता.

आणि चॅट्सवर्थच्या त्या काचघराचं पुढं काय झालं? ते गरम ठेवायला जमिनीखाली कोळसा जळत असे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. आतली झाडं गारठून मेली, आणि १९२० मध्ये ती वास्तूच पाडून टाकली गेली. तिथं काचघर म्हणजे ऊब साठवायची पेटी होती. कोल्हापुरात ऊब फुकट आहे आणि वर्षातले निदान तीन महिने ती नकोशीही आहे. त्यामुळे इथं काचघराचं सगळं शास्त्र उलटं वाचावं लागतं.

काचेखाली हवा का तापते?

शाळेत आपण शिकलो: सूर्याचा प्रकाश काचेतून आत येतो, आतल्या वस्तू तापतात, त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या लहरी मात्र काचेतून बाहेर जाऊ शकत नाहीत. यात खोटं काही नाही. काच डोळ्यांना दिसणारा प्रकाश आरपार जाऊ देते, पण साध्या तापमानाच्या वस्तू ज्या लांब लहरींनी उष्णता फेकतात, त्यांच्यासाठी ती भिंतीइतकी अपारदर्शक असते. जी काच आपल्याला स्वच्छ दिसते, ती उष्णतेच्या डोळ्यांनी पाहिली तर काळी ठिक्कर दिसेल.

पण गोष्ट इथं संपत नाही. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाचा, म्हणजे खाणीतल्या मिठाच्या स्फटिकाचा, पातळ तक्ता. मिठाचा स्फटिक उष्णतेच्या लहरींनाही आरपार जाऊ देतो. शाळेतला धडा पुरता खरा असता, तर मिठाची पेटी बरीच थंड राहायला हवी होती. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या!

याचा अर्थ असा की काचघर तापतं ते मुख्यतः कोंडलेल्या हवेमुळे. उघड्या अंगणात तापलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा गार हवा घेते. पेटीत तिला वाट नसते. वुडच्या त्या छोट्या प्रयोगात कोल्हापूरच्या काचघराची किल्ली आहे: काच ठेवा, पण हवा कोंडू नका.

आता आकडे पाहू. १३ फूट लांब आणि १० फूट रुंद खोली घ्या, म्हणजे साधारण १२ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर जवळपास १००० वॉट ऊन पडतं. साधी काच त्यातलं चार पंचमांशाहून जास्त आत सोडते. म्हणजे छप्पर सगळं काचेचं असेल, तर त्या एका खोलीत साडेनऊ किलोवॉटच्या आसपास उष्णता उतरते. घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. पाच गिझर खोलीत उघडे चालू ठेवावेत आणि दारं लावून घ्यावीत, तसं हे होतं. पंख्याचं इथं काम नाही. तो तीच तापलेली हवा फिरवत बसेल.

आपल्याकडे हे होतंच

घर आणि बाग यांना जोडणारी खोली आपल्याला परकी नाही. कोल्हापूरच्या जुन्या घरात पुढं सोपा असायचा. जोत्यावर उंच, रस्त्याकडे उघडा, खांबांचा. पाहुणा आला की “या, सोप्यात बसा.” ही जागा पुरती घरात नाही आणि पुरती बाहेरही नाही. मागं परडं असायचं: शेवगा, कढीपत्ता, अळू, केळ, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ. मधल्या चौकात तुळशी वृंदावन. स्वयंपाकघराच्या कौलारात एखादं काचेचं कौल बसवलेलं असे. त्या हातभर तुकड्यातून उन्हाची एक पट्टी चुलीपाशी उतरायची आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहायची. घरातल्या बायका तिच्यावरून वेळ ओळखत.

आणि आपल्याकडे एक जिवंत काचघरही आहे: पानमळा. मिरज तालुक्याकडे गेलात तर बघा. नागवेलीला भर ऊन सोसत नाही, कोरडा वारा सोसत नाही. शेतकरी तिच्यासाठी शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडं दाटीनं लावतो. वेल त्यांच्यावर चढते, त्यांचीच विरळ सावली डोक्यावर घेते. आत शिरलं की बाहेरचं रखरखीत ऊन जणू गाळून घेतल्यासारखं होतं. हवा ओलसर, मऊ, पानाच्या वासाची. इथं काच नाही, लोखंड नाही, कोळसा नाही. युरोपनं झाडांना ऊब देण्यासाठी जे केलं, ते आपल्या शेतकऱ्यानं गारवा देण्यासाठी केलं. कोल्हापुरात काचेची खोली बांधायची, तर तिचा नमुना चॅट्सवर्थपेक्षा या पानमळ्यात शोधावा.

ऊन कुठून येतं?

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा अंशांहून किंचित जास्त अंतरावर आहे. म्हणून इथं वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो: मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमधल्या त्या दुपारी अंगणात उभी केलेली काठी क्षणभर सावली टाकत नाही. ऑगस्टमधला दिवस बहुधा ढगांत हरवतो. या दोन तारखांच्या मधल्या तीन महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! दिल्लीकराला असा सूर्य कधीच दिसत नाही.

घर बांधणाऱ्यासाठी यात मोठा खजिना आहे. दक्षिणेच्या काचेवर तीन फुटांचा छज्जा काढलात असं समजा. २१ मार्चच्या दुपारी सूर्य ७३ अंशांवर असतो, आणि तो तीन फुटांचा छज्जा भिंतीवर दहा फूट लांब सावली टाकतो. आठ फुटांची काच पुरती सावलीत. २२ डिसेंबरला सूर्य ५० अंशांपर्यंत उतरतो, आणि त्याच छज्ज्याची सावली जेमतेम साडेतीन फुटांची होते. काचेच्या खालच्या साडेचार फुटांतून कोवळं, हवंहवंसं ऊन आत येतं. बटण नाही, मोटर नाही, पडदा ओढायला कुणी नाही. एक दगडी फळी वर्षभर उन्हाचं कॅलेंडर पाळते.

उत्तरेची बाजू आणखी सोपी. जूनमध्ये दुपारचा सूर्य तिकडे असतो, पण ८३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. एक फुटाची वळचण आठ फुटांची काच झाकते.

पश्चिम मात्र कुणाचं ऐकत नाही. संध्याकाळचा सूर्य आडवा येतो, आणि आडव्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही. पुरावा हवा असेल तर पुन्हा अंबाबाईच्या देवळात जा. एवढे मंडप, एवढे खांब, एवढे उंबरे ओलांडून जे ऊन गाभाऱ्यापर्यंत पोचतं, ते आपल्या बंगल्याच्या तीन फुटी छज्ज्याला काय जुमानणार? देवळात तो सोहळा आहे. घरात एप्रिलात संध्याकाळी पाच वाजता ती शिक्षा होते. म्हणून पश्चिमेला काच नको. तिथं विटांची जाळी, उभ्या फळ्या, मधुमालतीचा वेल किंवा एखादं दाट झाड हवं. काचेच्या खोलीला खरी मानवते ती पूर्व, ईशान्य किंवा उत्तर. झाडांनाही सकाळचं ऊन लागतं, आणि चहाच्या कपालाही.

सावली काचेच्या बाहेर

राहिलं छप्पर. पाच गिझरांचं संकट तिथूनच येतं. पहिला उपाय म्हणजे सगळं छप्पर काचेचं करायचंच नाही. मंगलोरी कौलं घाला आणि मध्ये काचेच्या कौलांच्या पट्ट्या सोडा. दुसरा उपाय सावलीचा: शेडनेट, बांबूची ताटी, वेलाचा मांडव. पण सावली काचेच्या बाहेर हवी. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडवलेलं ऊन बाहेरच उष्णता होऊन वाऱ्याबरोबर निघून जातं.

७५ टक्के ऊन अडवणारी जाळी बाहेरून घातली, की साडेनऊ किलोवॉटचे सुमारे अडीच उरतात. मग मन कचरतं: एवढी सावली केल्यावर काचघर म्हणायचं कशाला? इथं आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो. आपल्या नेहमीच्या बैठकीच्या खोलीत तो जेमतेम काहीशे लक्स असतो. हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली आणि पडदा लगेच जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही. पान प्रकाशाचे कण मोजूनच अन्न बनवतं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड आपल्याला उजेडात दिसतं आणि आतून उपाशी मरत असतं.

आता जाळीखालचा हिशेब करा. एक लाखातले काचेतून ऐंशी हजार, त्यातले जाळीतून पाव: वीस हजार लक्स. दिवाणखान्याच्या निदान चाळीस पट! नेचे, अळूच्या जातीची झाडं, आमरी म्हणजे ऑर्किड, नागवेल, यांना एवढा प्रकाश मेजवानी आहे. राधानगरी-दाजीपूरच्या दाट रानात जमिनीवर पोचणारा प्रकाश याहूनही कमी असतो. उष्णता तीन चतुर्थांश घटली आणि झाडांचं जेवण तरीही भरपूर उरलं. मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत सुंदर हिशेब हाच वाटतो.

वळचणीपासून आढ्यापर्यंत

उरलेले अडीच किलोवॉट हवेनं वाहून न्यायचे. पाणी आढ्यावरून वळचणीला येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तापलेली हवा बरोबर उलटा रस्ता धरते: वळचणीकडून आढ्याकडे. गरम हवा पसरते, हलकी होते आणि वर चढते. आढ्याला तिला वाट दिली की ती निघून जाते, आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते.

खाली जमिनीलगत ११ चौरस फुटांचे झरोके आणि वर आढ्यालगत तेवढेच ठेवा. दोहोंत आठ फूट उंचीचं अंतर असू द्या. आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी गरम झाली, तर बाहेर वाऱ्याची झुळूकही नसताना दर सेकंदाला सुमारे ३८० लिटर हवा त्यातून वाहते. आपल्या १३ बाय १० च्या खोलीतली सगळी हवा दीड मिनिटात बदलते आणि जाताना सव्वादोन किलोवॉट उष्णता घेऊन जाते. सावलीनं अडीच उरवले होते, झरोक्यांनी ते जवळजवळ सगळे उचलले. जाळी आणि झरोका मिळून पाच गिझर विझवतात, तेही विजेचा एक युनिट न जाळता.

शिरोळ तालुक्यात कोंडिग्रेच्या बाजूला फुलशेतीची पॉलिहाऊस आहेत. अशा पॉलिहाऊसच्या माथ्याकडे पाहिलं तर छप्पर सलग नसतं. आढ्यापाशी लांबलचक फट ठेवलेली असते. तोच हा झरोका. डासांसाठी जाळी बसवायची तर झरोके मोठे ठेवावेत, कारण बारीक जाळी वाऱ्यालाही अडवते.

झाडं स्वतःही मदत करतात. पानं मुळांतून ओढलेलं पाणी वाफ करून सोडतात, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ६८० वॉट-तास उष्णता लागते. दोन किलोवॉटचा गिझर वीस मिनिटं चालवला तर जेवढी उष्णता तयार होईल, तेवढी ते एक लिटर पाणी गुपचूप गिळतं. माठातलं पाणी याच कारणानं गार होतं. कोरड्या एप्रिलात झाडांनी भरलेली खोली म्हणजे एक हिरवा माठ असतो.

आणि मग येतो पाऊस

जुलैत हा माठ चालत नाही. हवेतच इतकी ओल असते की पाणी वाळायला तयार नसतं. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाच पट. पावसाची झड पश्चिमेकडून येते. पश्चिमेला काच न घेण्याचं हे दुसरं कारण. खेड्यांत पावसाळ्यापूर्वी घराच्या पश्चिम अंगाला ताट्या बांधत, त्या याच झडीसाठी.

पावसाळ्यात काचघराचा शत्रू उष्णता नसून कोंदटपणा असतो. पानांवर बुरशी येते, लाकूड फुगतं, लोखंड गंजतं. म्हणून आढ्याचा झरोका असा हवा की पाऊस चालू असतानाही उघडा राहील: वर छोटं टोपण, बाजूंनी मोकळा. छपराला भरपूर उतार द्या, पन्हळ रुंद ठेवा, आणि काचेचा जोड जिथं भिंतीला मिळतो तिथं सगळ्यात जास्त लक्ष द्या. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. पंचगंगेच्या पुराची रेषा जवळ असेल, तर जोतं उंच हवं आणि विजेची बोर्डं त्याहून उंच.

पाऊस देतोही भरपूर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या १२ चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला १२,००० लिटर पाणी पडतं. पन्हळीखाली झाकणाची टाकी ठेवली, तर ऑर्किडना आवडणारं, क्षार नसलेलं पाणी घरच्या घरी मिळतं. टाकी उघडी मात्र नको. डास आपलं घर तिथंच करतात.

काच आणि ओतीव लोखंड

डोक्यावरची काच निवडताना हात आखडू नये. टफन्ड काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायमचा दाबून धरतो. या दबावामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता खडीसाखरेसारखे दाणे होतात. पण डोक्यावरून दाणे पडणंही बरं नाही. म्हणून छपराला दोन काचांमध्ये चिकट पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी. ती तडकली तरी जागेवर राहते.

सांगाड्यासाठी कोल्हापूरकराला लांब जायला नको. युरोपातली मोठी काचघरं उभी राहिली ती ओतीव लोखंडामुळे, आणि ओतकाम तर या गावाच्या रक्तात आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्रीत देशभरच्या गाड्यांचे, पंपांचे भाग ओतले जातात. तिथले कारागीर नक्षीदार खांब आणि ब्रॅकेट ओतू शकतात. त्यावर जस्ताचा मुलामा आणि दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा हात, एवढं केलं की पावसाळे निभतात.

आणि एक दार विसरू नये. काचेची खोली आणि घर यांच्या मध्ये बंद करता येईल असं दार हवंच. भर दुपारी ते लावलं की खोलीची ऊब घरात शिरत नाही. सकाळ-संध्याकाळ उघडलं की बाग थेट माजघरापर्यंत येते. फरशी मात्र दोन्हीकडे एकच ठेवा, आणि तीच पुढे बागेत दोन पावलं जाऊ द्या. पायाखालचा दगड बदलला नाही, की आपण घरातून कधी निघालो आणि बागेत कधी पोचलो हे कळत नाही.

आत कोण राहील?

झाडं निवडण्याआधी शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये एक सकाळ घालवावी. सह्याद्रीतच आढळणाऱ्या आणि जगात दुसरीकडे कुठं न सापडणाऱ्या वनस्पती तिथं जपल्या जातात. कंदीलपुष्पाच्या जातींवर या विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी मोठं काम केलं आहे. हे फूल कंदिलासारखं दिसतं. त्याच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात; माशी आत सहज घसरते, पण बाहेर येऊ शकत नाही. काही जातींत फुलाच्या पाकळ्यांना अर्धपारदर्शक खिडक्या असतात, आणि माशी त्या उजेडाला दार समजून तिकडेच धडपडत राहते. परागांचं काम झालं की केस कोमेजतात आणि वाट मोकळी होते. माणसानं काच शोधण्याच्या कितीतरी आधी एका वेलीनं खिडकीचं घर बांधलं होतं!

घरात मात्र रानातून काही उपटून आणू नये. झाडाच्या फांदीवरची सीतेची वेणी ही आमरी मे-जूनमध्ये फुलते ती त्या सालीवरच्या बुरशीच्या आणि तिथल्या धुक्याच्या सोबतीनं. तिला कुंडीत आणलं की बहुधा दोन वर्षांत ती मरते आणि रान तेवढं रिकामं होतं. रोपवाटिकेत तयार झालेल्या आमरी घ्या, नेचे घ्या, अनंत, सोनटक्का, नागवेल लावा. दाराशी, जिथं काचेबाहेर ऊन मिळेल तिथं, मोगरा आणि जाई ठेवा, म्हणजे संध्याकाळी दार उघडलं की खालच्या झरोक्यातून वारा त्यांचा वास घेऊनच आत येईल.

शेवटी एक विनंती. तुमच्या मनात अशी खोली असेल, तर काचेचा भाव विचारण्याआधी एक वर्ष उन्हाला द्या. २१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर आणि २२ डिसेंबर या चार दिवशी, सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच वाजता, जिथं खोली होणार आहे त्या जागेवर ऊन कुठवर येतं ते खडूनं आखून ठेवा. जूनचा दिवस ढगाळ गेला, तर मेअखेरीची एखादी दुपार धरा. अंबाबाईचं देऊळ ज्यांनी बांधलं, त्यांनी आधी सूर्य पाहिला आणि मग दगड रचला. आपण निदान बारा खुणा तरी कराव्यात, आणि त्या सांगतील तिथंच काच बसवावी.